अंधार उरला तो सीमेवरच, राखणार कोण?

पाऊस ओसरला, आभाळ धुऊन निघालं की हौशी आकाशनिरीक्षकांमध्ये एकच चौकशी सुरू होते : या अमावास्येला कुठे जायचं? दुर्बीण असते, सोबती असतात, गाडीची सोयही होते. मिळत नाही तो अंधार. मुंबईकर कर्जतच्या लोकलमध्ये बसतो, पणजीकर घाटाकडे वळतो, हैदराबादकर दोन-दोन तास गाडी हाकतो. बेळगावकर त्या मानाने नशीबवान. खानापूर-जांबोटीच्या पुढे गेलं की त्याला अजून आकाशगंगा दिसते.

पण हे नशीब किती वर्षं टिकेल, हा प्रश्न आता उभा राहिला आहे. गेल्या काही वर्षांत देशात दोन ठिकाणच्या अंधाराला अधिकृत मान्यता मिळाली. डिसेंबर २०२२ मध्ये लडाखच्या हान्ले परिसराला राखीव अंधारक्षेत्राचा दर्जा मिळाला, तर जानेवारी २०२४ मध्ये नागपूरजवळचा पेंच व्याघ्र प्रकल्प भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' ठरला. कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र जिथे एकमेकांना भिडतात त्या चोर्ला-कणकुंबी-तिळारी पट्ट्याला मात्र असा कोणताही दर्जा नाही. इथला अंधार कोणी राखलेला नाही, तो नुसता उरलेला आहे.

दुर्बीण असून अंधार कशाला?

दुर्बीण मोठी घेतली की शहरातूनही सगळं दिसेल, असा अनेकांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. चंद्रावरची विवरं, शनीची कडी, गुरूचे चार मोठे चंद्र घराच्या गच्चीवरूनही छान दिसतात, कारण ती मुळात तेजस्वी आहेत. तेजोमेघ, तारकागुच्छ आणि दीर्घिका यांचं तसं नाही. त्यांचा उजेड फिका आणि पसरलेला असतो. शहराचे दिवे हवेतल्या धुळीवर आणि बाष्पावर पडून आभाळच उजळतं, आणि दुर्बीण त्या वस्तूबरोबर तो उजेडही मोठा करून दाखवते. फिकट वस्तू आणि मागचं आभाळ यांतला फरक काही वाढत नाही. म्हणून चांगल्या जागेवरची सहा इंची दुर्बीण शहरातल्या बारा इंचीला भारी पडू शकते.

जागा किती अंधारी आहे हे मोजायला अमेरिकेतले निरीक्षक जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये नऊ पायऱ्यांची एक मोजपट्टी मांडली. पहिली पायरी म्हणजे निखळ काळोख, नववी म्हणजे महानगराचा मध्य. उपकरण नसलं तरी अंदाज घेता येतो. हिवाळ्यात कृत्तिकांचे सहा तारे नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात का? देवयानी तारकासमूहातली दीर्घिका धुरकट ठिपक्यासारखी दिसते का? आकाशगंगेचा पट्टा अखंड दिसतो की तुकड्या-तुकड्यांत? ही तीन उत्तरं मिळाली की जागेची पत कळते.

आभाळ उजळण्याचा वेग मोठा आहे. जगभरच्या हौशी लोकांनी २०११ ते २०२२ या काळात केलेल्या पन्नास हजारांहून अधिक नोंदींचा अभ्यास २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्यानुसार रात्रीच्या आभाळाचा उजेड वर्षाला सरासरी साडेनऊ टक्क्यांच्या आसपास वाढतो आहे. चक्रवाढीने हिशेब केला तर हा आकडा आठ वर्षांच्या आत दुप्पट होतो. या नोंदी मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या आहेत, त्यामुळे त्या जशाच्या तशा इथे लावता येणार नाहीत. पण ज्या गावांत गेल्या दहा वर्षांत रस्ता, बंगले आणि हॉटेलं वाढली, तिथल्या माणसाला हे सांगायला अभ्यासाची गरज नाही.

प्रत्येक शहर आपल्या अंधाराच्या मागे

मराठी माणसाची ही हौस जुनी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ मध्ये सुरू झाली, आणि हौशी खगोलप्रेमींची देशातली सर्वांत जुनी संस्था म्हणून ती ओळखली जाते. मुंबईचं खगोल मंडळ हॅलेच्या धूमकेतूच्या सुमारास उभं राहिलं. त्यांचे रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम मध्य रेल्वेच्या वांगणीला होतात. स्टेशनपासून जवळ, राहायची सोय आणि आजूबाजूला मोकळं रान, हा वांगणीचा गुण. पण शेजारचं बदलापूर ज्या वेगाने पसरलं, त्या वेगाने वांगणीचं आभाळही फिकं पडत गेलं. पुण्याच्या 'आयुका' संस्थेने दोन मीटरच्या दुर्बिणीसाठी शहर सोडून जुन्नरजवळचं गिरवली निवडलं, ते २००६ च्या सुमारास कार्यरत झालं. त्या वाटेवर आज चाकणचा औद्योगिक पट्टा रात्रभर झगमगतो.

इंदूर-उज्जैनच्या वाचकांना वेगळा वारसा आहे. सवाई जयसिंगांनी बांधलेली उज्जैनची वेधशाळा मोडकळीला आली होती, तिची दुरुस्ती १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी करवून घेतली. आता उज्जैन शहरात आकाशनिरीक्षणापुरता अंधार राहिलेला नाही. त्यामुळे माळव्यातल्या हौशी मंडळींचं लक्ष कर्कवृत्तावरच्या डोंगला गावाकडे जातं. हे स्थान पुरातत्त्ववेत्ते विष्णु श्रीधर वाकणकर यांनी दाखवून दिलं असं मानतात, आणि तिथे आता वराहमिहिर वेधशाळा आहे. वडोदऱ्याच्या मंडळींना दोन दिशा आहेत : उत्तरेला अबूचा डोंगर, जिथे गुरुशिखरावर १.२ मीटरची दुर्बीण आहे. आणि पश्चिमेला कच्छचं रण. रणाची गंमत अशी की पर्यटकांची झुंबड पौर्णिमेला उडते, कारण पांढरं मीठ चांदण्यात चमकतं. दुर्बीणवाले नेमके अमावास्येला जातात. एकाच जागेचे दोन हंगाम, आणि कोणी कोणाच्या आड येत नाही.

हैदराबादची गोष्ट मात्र इशारा म्हणून वाचावी लागते. नवाब झफर जंग यांनी १९०१ च्या सुमारास उभारलेली निझामिया वेधशाळा पुढे बेगमपेठला गेली. शहर तिच्याभोवती वाढलं तेव्हा उस्मानिया विद्यापीठाने साठच्या दशकाच्या अखेरीस शहरापासून पन्नासेक किलोमीटर दूर जपाळ-रंगापूरला ४८ इंची दुर्बीण बसवली. १६ फेब्रुवारी १९८० चं खग्रास सूर्यग्रहण, ज्याचा पट्टा अंकोला-हुबळी-रायचूर असा आपल्याकडून गेला होता, ते पाहायला शास्त्रज्ञ याच रंगापूरला जमले होते. त्यानंतर शहराचा उजेड तिथवरही पोचला. म्हणजे एकाच वेधशाळेला शंभर वर्षांच्या आत अंधारासाठी जागा सोडावी लागली, आणि नवी जागाही पुरली नाही.

यातून एक गोष्ट लक्षात येते. हौशी निरीक्षक जागा बदलत राहिला, दिवे कोणी बदलले नाहीत. दर दहा-पंधरा वर्षांनी आणखी वीस किलोमीटर पुढे, हाच आजवरचा उपाय. पेट्रोल वाढलं, रात्रीचा प्रवास वाढला, आणि शाळकरी पोरं यातून आपोआप गळली. कारण दोन तास दूर जायचं तर पालक रात्रीचं सोडत नाहीत.

सीमाभागाच्या हातात काय आहे

आता आपल्याकडे वळू. बेळगावच्या नैर्ऋत्येला जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला, पश्चिमेला चंदगड आणि तिळारी, वायव्येला आंबोली. या सगळ्या पट्ट्यात मोठं शहर नाही. भीमगड आणि म्हादई ही दोन अभयारण्यं एकमेकांना लागून आहेत. पावसाळ्याचे चार-पाच महिने इथे आभाळाचं नावही घेता येत नाही, आणि नंतरही घाटाच्या तोंडावर रात्रीचं धुकं चढतं. पण नोव्हेंबर ते मार्च या काळात कड्यापासून थोडं आत, पठारावर, आकाश चांगलं मिळतं.

या पट्ट्याचा खरा फायदा अक्षांशाचा आहे आणि तो फारसा कोणी बोलत नाही. बेळगाव साधारण १६ अंश उत्तरेला आहे, हान्ले जवळपास ३३ अंशांवर. हान्लेचं आभाळ देशात सर्वोत्तम, उंची साडेचार हजार मीटर, यात वाद नाही. पण दक्षिणेकडचं आकाश तिथून कापलं जातं. त्रिशंकू हा तारकासमूह हान्लेहून क्षितिजावर येत नाही म्हटलं तरी चालेल. पेंचहून तो जेमतेम आठ-नऊ अंश चढतो. खानापूर तालुक्यातून तो सुमारे चौदा अंशांवर येतो. हात लांब करून मूठ धरली तर साधारण दहा अंश होतात, म्हणजे दीड मूठ उंच. 'ओमेगा सेंटॉरी' हा आकाशातला सर्वांत मोठा आणि तेजस्वी गोलाकार तारकागुच्छ इथून सव्वीस-सत्तावीस अंश वर येतो, तर हान्लेहून दहाच. उत्तर भारतातल्या निरीक्षकाला जे पाहायला तामिळनाडूपर्यंत उतरावं लागतं, त्यातलं बरंचसं जांबोटीच्या माळावरून दिसतं.

हाच फायदा सगळ्यात आधी हातचा जाऊ शकतो. शहराचा उजेड आभाळात सर्वात जास्त क्षितिजालगत पसरतो, आणि दक्षिणेचं हे आकाश क्षितिजालगतच आहे. डोक्यावरचं आकाश काळं राहिलं तरी दक्षिणेला एक मोठी वसाहत उभी राहिली की त्रिशंकू गेला. म्हणून बेळगावच्या उत्तरेला बसून उपयोग नाही, शहराचा उजेड नेमका दक्षिणेला येतो. कणकुंबीच्या बाजूला उभं राहिलं तर पश्चिमेला गोव्याच्या किनाऱ्याचा आणि २०२३ पासून सुरू झालेल्या मोपा विमानतळाचा उजेड, ईशान्येला बेळगाव, आग्नेयेला लांबवर हुबळी-धारवाड. दक्षिण मोकळी आहे ती केवळ भीमगड, मोले आणि जोयड्याच्या जंगलांमुळे. या जंगलांनी पाणी आणि वाघाबरोबर आपलं दक्षिण आकाशही राखलं आहे.

पेंच आणि हान्लेने काय केलं

हान्लेत सुमारे १०७३ चौरस किलोमीटरचं क्षेत्र राखीव झालं. लडाख प्रशासन, लेहची पर्वतीय परिषद आणि बंगळूरची भारतीय ताराभौतिकी संस्था यांनी त्यासाठी करार केला. गावातल्या २४ तरुण-तरुणींना दुर्बिणी आणि प्रशिक्षण देण्यात आलं. आलेल्या पाहुण्याला आकाश तेच दाखवतात आणि पैसे त्यांच्याकडे राहतात. घरांना जाड पडदे, दिव्यांना झाकणं, रात्री गाड्यांच्या प्रखर दिव्यांना मनाई असे नियम गावाने मान्य केले. अंधार राखल्याचा मोबदला गावाला मिळतो, म्हणून ती योजना टिकली आहे.

पेंचमध्ये जंगलालगतच्या वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभरावर पथदिवे बदलून खाली उजेड टाकणारे दिवे लावले, आणि वाघोली तलावाकाठी निरीक्षणासाठी जागा तयार केली. खर्च नागपूर जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून झाला. अंधार राखण्यासाठी मोठं धरण किंवा रस्ता बांधावा लागत नाही, जिल्ह्याच्या पातळीवरचा निधी पुरतो, एवढं पेंचने दाखवलं.

पण पेंचची एक बाजू आपल्यासाठी जास्त महत्त्वाची. पेंचचं जंगल दोन राज्यांत आहे आणि प्रमाणपत्र मिळालं ते महाराष्ट्राच्या बाजूला. जंगल एक, नदी एक, आभाळही एक. तरी कागद एकाच बाजूला लागू. आपल्याकडे तर तीन राज्यं आहेत. खानापूरची वीज हेस्कॉमची, चंदगड-दोडामार्गची महावितरणची, सत्तरीची गोवा वीज खात्याची. तीन वनखाती, तीन पर्यटन खाती. एका राज्याने गावोगावचे दिवे झाकले आणि शेजारच्याने घाटमाथ्यावरच्या रिसॉर्टला फ्लडलाइटची मुभा दिली, तर पहिल्याचा खर्च वाया. म्हादईच्या पाण्यावरून ही राज्यं लवाद आणि न्यायालयापर्यंत गेली. सीमेचा दावाही २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. अंधार मात्र असा एकच विषय दिसतो, ज्यात एकाने राखल्याने दुसऱ्याचं काही कमी होत नाही. उलट दोघांचंही वाढतं.

अंधार कोणाला हवा, कोणाला नको

इथे एक अवघड प्रश्न आहे आणि तो टाळून चालणार नाही. शहरातून आलेल्या हौशी माणसाला जो काळोख हवाहवासा वाटतो, तोच काळोख भीमगडच्या आतल्या वाड्यांमधल्या लोकांनी पिढ्यान्पिढ्या सोसला आहे. पावसाळ्यात वाट बंद, आजारी माणसाला खांद्यावरून आणायचं, संध्याकाळनंतर अस्वलाची भीती. अशा माणसाला 'तुमचा अंधार मौल्यवान आहे' असं सांगायला जाणं म्हणजे जखमेवर मीठच. त्याची मागणी वीज आणि रस्त्याची आहे आणि ती रास्त आहे.

पण दिवा असणं आणि आभाळ उजळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिव्याला वरून झाकण असेल, तर सगळा उजेड पाऊलवाटेवर पडतो, म्हणजे त्याच विजेत वाट जास्त उजळते. झाकण नसलेला दिवा बराचसा उजेड आभाळात आणि समोरच्याच्या डोळ्यांत फेकतो. त्याने वाटेवरचं जनावर दिसायचं ते दिसत नाही, डोळे दिपतात तेवढे. आभाळात गेलेल्या उजेडाचंही बिल येतं, आणि पथदिव्यांचं बिल ग्रामपंचायतीच्या माथी असतं. म्हणजे इथे गावकरी आणि दुर्बीणवाला यांचं हित एकच आहे.

अडचण येते ती दुसरीकडे. २०१५ पासून केंद्राच्या पथदीप योजनेत देशभर एक कोटीहून अधिक जुने दिवे काढून एलईडी बसवले गेले. वीज वाचली, हे खरं. पण त्यांतले बरेच दिवे पांढरे-निळसर, आणि निळा उजेड हवेत जास्त विखुरतो. शिवाय दिवा स्वस्त झाला की जिथे एक पुरत होता तिथे तीन लागतात. त्यात भर पडते आमदार-खासदार निधीतल्या हायमास्टची. चौकात उंच खांब, वर चारही दिशांना तोंड केलेले दिवे आणि खाली नावाची पाटी. तीनशे लोकवस्तीच्या गावाला त्याची गरज काय, हे विचारायची पद्धत नाही. घाटमाथ्यावरची नवी हॉटेलं रात्रभर झाडांवर रंगीत फोकस सोडतात, त्यांनाही कोणी विचारत नाही. ध्वनिप्रदूषणाला देशात २००० सालची नियमावली आहे. उजेडासाठी तशी वेगळी देशव्यापी नियमावली नाही.

हा प्रश्न फक्त ताऱ्यांचाही नाही. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांमध्ये राटनचं वटवाघूळ ही दुर्मीळ जात राहते. वळवाच्या दिवसांत सह्याद्रीत काजव्यांनी झाडं लखलखतात, आणि काजव्याचं जोडीदार शोधणंच मुळी अंधारावर चालतं. अंधार गेला की हेही जातं.

काय करता येईल

पहिलं काम फुकटचं आहे : नोंद. गोव्यात 'फ्रेंड्स ऑफ अॅस्ट्रॉनॉमी' ही संस्था १९८२ पासून आहे. इतिहास अभ्यासक पर्सिव्हाल नोरोन्हा यांनी तिचा पाया घातला. पणजीत जुंता हाऊसच्या गच्चीवरून लोकांना आकाश दाखवण्याची परंपरा तिने उभी केली. पुणे-मुंबईच्या संस्थांना चाळीस ते ऐंशी वर्षांचा अनुभव आहे. बेळगाव-कोल्हापूरच्या महाविद्यालयांनी त्यांच्याशी जोडून घेऊन दर अमावास्येला ठरावीक दहा जागांवरून आभाळाचा उजेड मोजला, तरी तीन वर्षांत कोणत्याही खात्यापुढे ठेवता येईल असा पुरावा तयार होतो. मार्चअखेरची अमावास्या त्यासाठी चांगली. मेसियेच्या यादीतल्या ११० वस्तू एका रात्रीत पाहण्याची जगभरच्या हौशी मंडळींची शर्यत याच दिवसांत असते, आणि आपल्याकडे ती गुढीपाडव्याच्या आगेमागे येते.

दुसरं, ग्रामपंचायतींचे ठराव. नवा दिवा झाकणाचा आणि पिवळसर उजेडाचा असेल, हायमास्ट फक्त खरोखर गर्दीच्या ठिकाणी असेल, हॉटेलांचे शोभेचे दिवे रात्री दहानंतर बंद होतील, एवढे तीन मुद्दे पुरेत. जुने दिवे एका दिवसात बदलायचे नाहीत. बिघडतील तसे बदलले तरी पाच-सात वर्षांत चित्र पालटतं.

तिसरं, जागा. आज हौशी माणसं रस्त्याकडेला, घाटाच्या वळणावर दुर्बीण लावतात. ते धोक्याचं आहे, आणि जंगलात रात्री विनापरवाना शिरणं बेकायदा आणि अस्वलाच्या दृष्टीनेही चुकीचं. जंगलाबाहेरच्या एखाद्या गावात, माळावर, ठरलेली जागा, मुक्कामाची घरगुती सोय आणि गावातलीच चार शिकलेली पोरं, हा हान्लेचा नमुना जांबोटी किंवा चंदगडला जमण्यासारखा आहे. कमाई लाखांत होणार नाही. पण पावसाळा संपल्यावर ओस पडणाऱ्या गावाला महिन्यातून दोन-तीन रात्रींचं उत्पन्न कमी नसतं.

या सगळ्याला तिन्ही राज्यांच्या मंत्र्यांची बैठक लागत नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या चार-सहा ग्रामपंचायतींनी एकाच मजकुराचा ठराव केला, तरी सुरुवात होते. पुढचा हायमास्ट मंजूर होईल तेव्हा ग्रामसभेत कोणीतरी उठून विचारावं लागेल : दिवा द्या, पण उजेड वाटेवर पडेल असा द्या. हे आत्ता विचारलं नाही, तर आणखी पंधरा वर्षांनी बेळगावच्या पोरालाही त्रिशंकू पुस्तकातच पाहावा लागेल.